डेटाबेसमध्ये ठरावीक वेळी चालणारी कामं कशी लावायची: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

रोज रात्री जुन्या नोंदी पुसायच्या, दिवसभराच्या ऑर्डरींची बेरीज वेगळ्या टेबलात टाकायची, दर तासाला मुदत संपलेली सेशन्स काढायची. डेटाबेसशी संबंध आला की अशी कामं आज ना उद्या वाट्याला येतातच. आज्ञा सापडली की पाच मिनिटांत काम लागतं आणि काही आठवड्यांत ते सगळ्यांच्या डोक्यातून जातं. त्रास त्यानंतर सुरू होतो. सर्व्हर रीस्टार्ट होतो, कुणाचा तरी पासवर्ड बदलतो, टेबल दहापट फुगतं, आणि मग एक दिवस कुणीतरी विचारतं की गेल्या महिन्याचा अहवाल रिकामा का दिसतोय.

या सगळ्यातून गेल्यावर मी स्वतःसाठी एक अट घालून घेतली: काम उशिरा चाललं, दोनदा चाललं किंवा चाललंच नाही, तरी डेटा बिघडता कामा नये आणि ते आपल्याला कळलं पाहिजे. खालच्या पायऱ्या याच अटीवर बेतल्या आहेत. वेळापत्रक लावण्याची आज्ञा त्यात चौथ्या पायरीवर येते, त्याआधी नाही.

आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच लिहायची.

हाताशी काय हवं

- डेटाबेसचा प्रकार आणि नेमकी आवृत्ती. आवृत्तीनुसार डीफॉल्ट बदलतात, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका.
- या कामांसाठी वेगळा यूजर, ज्याला लागतील तेवढेच अधिकार असतील. माणसाच्या वैयक्तिक खात्यावर काम लावलं, तर तो माणूस नोकरी सोडून गेला आणि खातं बंद झालं की कामही बंद पडतं.
- सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलपर्यंत पोच, किंवा ती पोच असलेला माणूस. काही सेटिंग बदलल्यावर रीस्टार्ट लागतो.
- चाचणीसाठी डेटाबेसची प्रत, शक्यतो खऱ्याइतक्याच आकाराची.
- कामांच्या स्क्रिप्ट ठेवायला गिट किंवा तसंच काही. डेटाबेसच्या आत लावलेलं काम कोडमध्ये दिसत नाही. स्क्रिप्ट जपून ठेवली नाही, तर असं काही काम आहे हेच नव्या माणसाला कळत नाही.

## १. काम डेटाबेसच्या आत लावायचं की बाहेर, ते ठरवा

जागा तीन आहेत. पहिली, डेटाबेसचा स्वतःचा शेड्युलर. दुसरी, ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर: लिनक्सवर क्रॉन किंवा सिस्टिमडी टायमर, विंडोजवर टास्क शेड्युलर. तिसरी, ॲप्लिकेशनच्या कोडमधली शेड्युलिंग लायब्ररी.

डेटा त्याच डेटाबेसमधून घ्यायचा आणि त्यातच ठेवायचा असेल, तर काम आत लावावं. वेगळा पासवर्ड सांभाळावा लागत नाही आणि नेटवर्क मध्ये येत नाही. फाइल लिहायची असेल, ईमेल पाठवायचा असेल किंवा दुसऱ्या सेवेशी बोलायचं असेल, तर बाहेर. बॅकअप तर कायम बाहेरून घ्यावा आणि त्यावरची देखरेखही बाहेरच असावी, कारण डेटाबेसच बंद पडला तर त्याच्या आतला शेड्युलर ते सांगायला शिल्लक राहत नाही.

ॲप्लिकेशनमधल्या लायब्ररीत एक सापळा आहे. आज ॲप एका सर्व्हरवर चालतं. भार वाढला की ते चार सर्व्हरवर चालू लागतं आणि प्रत्येक प्रत आपापलं घड्याळ पाहून तेच काम सुरू करते. रात्रीची बेरीज चार वेळा होते. ही वाट निवडायचीच असेल, तर पाचव्या पायरीतलं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप, पहिल्या दिवसापासून लावा.

एसक्यूलाइट वापरत असाल तर हा प्रश्न पडतच नाही. तिथे सतत चालणारा सर्व्हर नसतो, त्यामुळे आतला शेड्युलरही नसतो. क्रॉन किंवा टास्क शेड्युलर वापरायचा.

## २. काम आधी हाताने चालवा, आणि दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं लिहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. इथे पाया पक्का असला की पुढच्या बहुतेक चुका निस्तरता येतात.

दैनिक बेरजेचं उदाहरण घेऊ. बहुतेक जण सुरुवातीला अशी क्वेरी लिहितात: कालच्या तारखेच्या ऑर्डरी घे, बेरीज कर, गोषवारा टेबलात इन्सर्ट कर. यात दोन दोष आहेत. काम दोनदा चाललं तर दोन ओळी पडतात आणि महिन्याचा आकडा फुगतो. शिवाय 'काल' हा शब्द काम कधी चालतं यावर अवलंबून आहे. सर्व्हर दिवसभर बंद राहिला आणि काम दुसऱ्या दिवशी चाललं, तर मधली एक तारीख कायमची गळते.

याऐवजी हे करा:

काम एका स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच नावाने साठवलेल्या आज्ञांच्या संचात, घाला आणि तारीख तिला बाहेरून द्या. शेड्युलर तिला कालची तारीख देईल, पण एखादा दिवस राहून गेला तर तुम्ही हाताने तीच प्रोसीजर हवी ती तारीख देऊन चालवू शकाल.

गोषवारा टेबलावर तारीख आणि गटाचा रकाना, उदाहरणार्थ दुकान किंवा विभाग, मिळून युनिक की लावा. एकच ओळ दोनदा पडायला निघाली तर डेटाबेसच अडवेल.

प्रोसीजरमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळा पूर्ण होणारा, नाहीतर काहीच न होणारा बदलांचा गट) आधी त्या तारखेच्या ओळी डिलीट करा आणि मग नव्याने इन्सर्ट करा. 'असेल तर बदल, नसेल तर घाल' ही सोय सगळीकडे आहे: पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून ऑन कॉन्फ्लिक्ट, मायएसक्यूएलमध्ये ऑन ड्युप्लिकेट की अपडेट, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलमध्ये मर्ज. तरीही बेरजेसाठी मला डिलीट आणि इन्सर्टची जोडी जास्त भरवशाची वाटते. समजा एका विभागाच्या त्या दिवशीच्या सगळ्या ऑर्डरी नंतर रद्द झाल्या. नव्या बेरजेत त्या विभागाची ओळच येत नाही, त्यामुळे 'बदल किंवा घाल' त्याच्या जुन्या ओळीला हात लावत नाही आणि चुकीचा आकडा तसाच राहतो.

इथे सावध राहा: डिलीटऐवजी ट्रंकेट वापरण्याचा मोह होईल. ट्रंकेटने आख्खं टेबल रिकामं होतं, फक्त एका तारखेच्या ओळी जात नाहीत. शिवाय मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ट्रंकेट लगेच कमिट होतं, म्हणजे कायमचं होतं. पुढचं इन्सर्ट फसलं तर मागे फिरता येत नाही. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेता येतं, पण ही सवय घेऊन दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर महागात पडेल.

तारखेची अट लिहिताना 'या दिवसाच्या सुरुवातीपासून, पुढच्या दिवसाच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत' अशी लिहा, म्हणजे पहिल्या टोकाला 'मोठं किंवा समान' आणि दुसऱ्या टोकाला फक्त 'लहान'. बिटवीन वापरून शेवट २३:५९:५९ ला केलात, तर त्या शेवटच्या सेकंदाच्या अपूर्णांकात आलेल्या नोंदी कुठल्याच दिवसात मोजल्या जात नाहीत.

आणखी एक सवय लावा: रोज फक्त कालचा दिवस न मोजता मागचे तीन दिवस नव्याने मोजा. उशिरा आलेल्या आणि मागाहून दुरुस्त झालेल्या नोंदी त्यात सापडतात, आणि एखादी रात्र चुकली तरी पुढच्या रात्री ती आपोआप भरून निघते. प्रोसीजर दोनदा चालण्याइतकी सुरक्षित असेल तरच हे करता येतं.

जुन्या नोंदी पुसण्याचं काम

९० दिवसांपेक्षा जुन्या लॉग ओळी काढायच्या आहेत, असं धरू. हे काम कितीही वेळा चाललं तरी फरक पडत नाही. इथला धोका आकाराचा आहे. पहिल्या रात्री कोट्यवधी ओळी एकाच डिलीटमध्ये काढायला गेलात, तर लॉक तासन्‌तास धरून ठेवले जातात, ट्रान्झॅक्शन लॉग फुगतो, आणि मध्येच रद्द केलंत तर रोलबॅकलाही तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

म्हणून तुकडे पाडा. काही हजार ओळी डिलीट करा, कमिट करा, क्षणभर थांबा, पुन्हा करा. मायएसक्यूएलमध्ये डिलीटला लिमिट जोडता येतं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये डिलीट टॉप आहे. पोस्टग्रेसच्या डिलीटला लिमिट नाही, तिथे सबक्वेरीत लिमिट लावून आयडी निवडायचे आणि तेवढ्याच ओळी काढायच्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका विधानाने एका टेबलावर सुमारे ५००० लॉक घेतले की ओळींची लॉक आख्ख्या टेबलाच्या लॉकमध्ये बदलू शकतात, त्यामुळे तिथे तुकडा त्याखालीच ठेवा. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स आहे ना, तेही पाहून घ्या. नसेल तर प्रत्येक तुकड्यासाठी टेबल पहिल्यापासून चाळलं जाऊ शकतं.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली जागा लगेच डिस्कला परत मिळत नाही. ऑटोव्हॅक्यूम ती पुढच्या नोंदींसाठी मोकळी करतं, पण फाइलचा आकार सहसा तेवढाच राहतो. दर महिन्याला प्रचंड डेटा काढायचा असेल, तर टेबल तारखेनुसार पार्टिशन करा, म्हणजे वेगळ्या तुकड्यांत विभागा, आणि जुनं पार्टिशनच ड्रॉप करा. ते काम क्षणात होतं.

प्रोसीजर लिहून झाली की हाताने चालवा. लगेच पुन्हा चालवा. दोन्ही वेळचा निकाल तंतोतंत सारखा आला नाही, तर पुढे जाऊ नका.

## ३. वेळ निवडा

मध्यरात्री ठीक बारा वाजता काहीही लावू नका. त्या मिनिटाला बॅकअप, अहवाल आणि लॉग फिरवण्याची कामं आधीच रांगेत असतात. शून्य मिनिटाऐवजी १७ किंवा ४३ असं आडवळणाचं मिनिट घ्या, आणि आपल्याच दोन कामांतही अंतर ठेवा.

क्रॉनच्या पद्धतीत पाच खाने असतात: मिनिट, तास, महिन्यातला दिवस, महिना, आठवड्यातला वार. '४३ २ * * *' म्हणजे रोज पहाटे २ वाजून ४३ मिनिटांनी. सोपं वाटतं, पण दोन ठिकाणी बरेच जण फसतात.

महिन्यातला दिवस आणि वार हे दोन्ही खाने भरले, तर दोन्हींपैकी कुठलीही एक अट जुळली तरी काम चालतं. 'महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला सोमवार' म्हणून '० ३ १-७ * १' लिहिलंत, तर काम १ ते ७ तारखेला रोज चालेल आणि शिवाय प्रत्येक सोमवारी चालेल. वारच्या खान्यात लिहायचं आणि तारखेची तपासणी कामाच्या आत करायची, हा यावरचा साधा उपाय.

दुसरं, '*/७' म्हणजे काटेकोर दर सात मिनिटांनी नव्हे. ०, ७, १४ करत ते ५६ पर्यंत जातं आणि पुढच्या तासाला ० पासून पुन्हा सुरू होतं, मध्ये चारच मिनिटं जातात. ६० ला भाग जाणारा आकडा घ्या.

आता टाइमझोन. शेड्युलर कुठलं घड्याळ पाहतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. पोस्टग्रेसचं पीजी_क्रॉन, म्हणजे त्याला वेगळं जोडायचं शेड्युलर एक्स्टेन्शन, मुळात जीएमटीने चालतं, सर्व्हरची स्थानिक वेळ काहीही असो. ते क्रॉन.टाइमझोन या सेटिंगने बदलता येतं. एसक्यूएल सर्व्हरची कामं चालवणारा एजंट सर्व्हरच्या स्थानिक वेळेने चालतो. मायएसक्यूएल इव्हेंट (तिथलं ठरावीक वेळी चालणारं काम) तयार करताना तुमच्या सेशनचा जो टाइमझोन होता, तोच इव्हेंटबरोबर साठवतं. एकच स्क्रिप्ट दोघांनी वेगवेगळ्या सेशन सेटिंगने चालवली, तर वेळा वेगळ्या पडतात.

काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. घड्याळ पुढे सरकतं त्या रात्री एक तास येतच नाही, मागे येतं त्या रात्री एक तास दोनदा येतो. तुमचा सर्व्हर अशा टाइमझोनवर असेल, तर त्या तासातलं काम गळू शकतं किंवा दोनदा चालू शकतं. माझा आग्रह असा की सर्व्हर आणि शेड्युलर दोन्ही यूटीसीवर ठेवावेत आणि स्थानिक वेळेचा हिशेब कागदावर करावा. पण 'दिवस' कुठे सुरू होतो हा प्रश्न त्याने सुटत नाही. बेरीज स्थानिक दिवसाची हवी असेल, तर तो बदल प्रोसीजरमध्ये स्पष्ट लिहा.

## ४. प्रत्यक्ष काम लावा

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी. आत इव्हेंट शेड्युलर आहे. इव्हेंट_शेड्युलर हे व्हेरिएबल आधी पाहा. मायएसक्यूएल ८.० पासून ते मुळात चालू असतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत आणि मारियाडीबीत मुळात बंद. सेट ग्लोबलने चालू केलंत तर ते पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकतं, म्हणून कॉन्फिगरेशन फाइलमध्येही लिहा. मायएसक्यूएल ८ मध्ये त्यासाठी सेट पर्सिस्टही आहे. किंमत 'डिसेबल्ड' असेल तर चालू सर्व्हरवर ती बदलत नाही, रीस्टार्टच करावा लागतो.

यूजरला त्या डेटाबेसवर इव्हेंट प्रिव्हिलेज द्या. मग क्रिएट इव्हेंट, ऑन शेड्युल एव्हरी १ डे, स्टार्ट्‌स अमुक वेळ, आणि डू नंतर कॉल करून तुमची प्रोसीजर. स्टार्ट्‌स गाळलंत तर इव्हेंट लगेच चालतो आणि पुढे रोज त्याच वेळी चालत राहतो. बिगिन-एंडचा ठोकळा लिहिणार असाल तर आधी डिलिमिटर बदला. इव्हेंट डिफायनरच्या, म्हणजे तो ज्याच्या नावावर आहे त्या यूजरच्या, अधिकाराने चालतो. तो यूजर काढून टाकलात तर इव्हेंट वेळेवर सुरू होतो आणि दरवेळी फसतो, फक्त एरर लॉगमध्ये ओळ पडते.

पोस्टग्रेस. मूळ पोस्टग्रेसमध्ये शेड्युलर नाही. पीजी_क्रॉन हे एक्स्टेन्शन सर्रास वापरलं जातं. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगमध्ये त्याचं नाव घालायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि मग क्रिएट एक्स्टेन्शन. हे एक्स्टेन्शन एकाच डेटाबेसमध्ये राहतं. तो क्रॉन.डेटाबेस_नेम मध्ये ठरतो आणि मुळात 'पोस्टग्रेस' हाच असतो. दुसऱ्या डेटाबेसमधलं काम लावायचं तर क्रॉन.शेड्युल_इन_डेटाबेस वापरा. एरवी क्रॉन.शेड्युल या फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या: कामाचं नाव, क्रॉनची वेळ, एसक्यूएल. नाव जरूर द्या. त्याच नावाने पुन्हा शेड्युल केलं की जुनं काम बदलतं, दुसरं तयार होत नाही.

पीजी_क्रॉन मुळात साध्या कनेक्शनने स्वतःच्याच सर्व्हरला जोडतं. त्यामुळे कोणाला जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये त्या जोडणीला परवानगी नसेल, तर काम दिसतं लागलेलं आणि दरवेळी जोडणीतच फसतं. नव्यांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. फाइलमध्ये परवानगी द्या, पासवर्ड फाइल वापरा, किंवा बॅकग्राउंड वर्कर वापरण्याचं सेटिंग चालू करा.

एसक्यूएल सर्व्हर. काम एजंट नावाची वेगळी सेवा चालवते. एक्स्प्रेस आवृत्तीत ती मिळत नाही, तिथे विंडोजच्या टास्क शेड्युलरवरच जावं लागतं. सेवा आपोआप सुरू होण्यावर ठेवलेली आहे का ते तपासा, नाहीतर मशीन रीस्टार्ट झाल्यावर डेटाबेस उठतो आणि एजंट झोपलेलाच राहतो. स्क्रिप्टने काम लावताना क्रम असा: एसपी_ॲड_जॉब, एसपी_ॲड_जॉबस्टेप, वेळापत्रक तयार करून जोडणं, आणि शेवटी एसपी_ॲड_जॉबसर्व्हर. हा शेवटचा टप्पा हमखास राहतो, आणि तो राहिला की काम यादीत दिसतं पण चालत नाही.

ओरॅकल. डीबीएमएस_शेड्युलर वापरा. ते १०जी पासून आहे. जुन्या लेखांत दिसणारं डीबीएमएस_जॉब नव्या कामासाठी घेऊ नका. वेळ 'फ्रीक्वेन्सी रोज, तास २, मिनिट ४३' अशा वाचता येणाऱ्या रूपात लिहिता येते, आणि बायमंथडे उणे १ लिहिलं की महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो. क्रिएट_जॉब करताना एनेबल्ड मुळात फॉल्स असतं, ते ट्रू केल्याशिवाय काम सुरूच होत नाही. सगळं बरोबर असूनही काही हलत नसेल, तर जॉब_क्यू_प्रोसेसेस शून्य आहे का ते पाहा.

क्रॉन. बाहेरून लावत असाल तर क्रॉनचं वातावरण तुमच्या टर्मिनलसारखं नसतं. पाथ अगदी तुटपुंजा असतो, म्हणून प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की ते नवी ओळ समजलं जातं. तारखेचा फॉरमॅट ओळीतच लिहिणाऱ्यांना याचा फटका बसतो. काम स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा आणि क्रॉनमधून फक्त ती फाइल बोलवा. पासवर्ड आज्ञेत लिहू नका, प्रोसेसच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फक्त मालकाला वाचता येईल अशी करा. आणि क्रॉनटॅबची 'ई' आणि 'आर' ही दोन ऑप्शन कीबोर्डवर शेजारी आहेत: एकाने यादी संपादित होते, दुसऱ्याने न विचारता आख्खी पुसली जाते. यादीची प्रत गिटमध्ये ठेवा.

मशीन बंद असताना हुकलेलं काम क्रॉन मागाहून चालवत नाही. ते हवं असेल तर सिस्टिमडी टायमरमध्ये पर्सिस्टंट ट्रू करा.

## ५. एकावर दुसरं चढू देऊ नका

दर पाच मिनिटांचं काम आज दहा सेकंदांत संपतं. वर्षभराने ते सहा मिनिटं घेऊ लागतं. तेव्हा काय होईल, हे शेड्युलरवर अवलंबून आहे. पीजी_क्रॉन त्याच कामाची दुसरी फेरी रांगेत ठेवतं. एसक्यूएल सर्व्हर एजंट आणि ओरॅकलही एकाच कामाच्या दोन फेऱ्या एकत्र चालवत नाहीत. मायएसक्यूएलचा इव्हेंट शेड्युलर मात्र दुसरी फेरी खुशाल सुरू करतो, आणि क्रॉनही तसंच करतो. दोन फेऱ्या एकमेकींच्या लॉकसाठी थांबतात, तेवढ्यात तिसरी येते, आणि कनेक्शन संपेपर्यंत हे चालतं.

उपाय सोपा आहे. प्रोसीजरच्या पहिल्याच ओळीत नावाचं लॉक मागा, न मिळालं तर शांतपणे बाहेर पडा. मायएसक्यूएलमध्ये गेट_लॉक, थांबण्याची वेळ शून्य देऊन, पोस्टग्रेसमध्ये पीजी_ट्राय_ॲडव्हायजरी_लॉक, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_गेटॲपलॉक. क्रॉनमधून चालवत असाल तर एफलॉक. मायएसक्यूएलचं लॉक काम संपल्यावर किंवा चूक आल्यावरही सुटेल, याची सोय प्रोसीजरच्या एरर हँडलरमध्ये करा.

वेळेची मर्यादाही घाला. पोस्टग्रेसमध्ये त्या कामासाठी लॉक_टाइमआउट आणि स्टेटमेंट_टाइमआउट ठरवता येतात. मायएसक्यूएलचं मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम फक्त सिलेक्टला लागू होतं, डिलीट किंवा अपडेट त्याने थांबत नाही.

## ६. नोंद ठेवा, आणि न चाललेलं काम पकडा

प्रत्येक शेड्युलरची स्वतःची नोंदवही असते. पीजी_क्रॉनमध्ये क्रॉन.जॉब_रन_डिटेल्स हे टेबल आहे. ते आपोआप रिकामं होत नाही, त्यामुळे ते साफ करण्याचंही एक काम लावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एमएसडीबी या त्याच्या सिस्टिम डेटाबेसमधलं सिसजॉबहिस्ट्री. तिथे मुळात एकूण १००० आणि एका कामाच्या १०० ओळीच राहतात. दर मिनिटाच्या एखाद्या कामामुळे रात्रीच्या कामाचा इतिहास दिसेनासा होतो, म्हणून मर्यादा वाढवा. ओरॅकलमध्ये यूजर_शेड्युलर_जॉब_रन_डिटेल्स. मायएसक्यूएलमध्ये इन्फर्मेशन_स्कीमा.इव्हेंट्‌समधला लास्ट_एक्झिक्यूटेड रकाना फक्त काम शेवटचं कधी सुरू झालं ते सांगतो. यशस्वी झालं का, हे तिथून कळत नाही.

म्हणून मी प्रत्येक डेटाबेसमध्ये एक स्वतःचं टेबल करतो: कामाचं नाव, कुठल्या तारखेसाठी, सुरू कधी, संपलं कधी, किती ओळी बदलल्या, चूक असल्यास तिचा मजकूर. सुरुवातीची ओळ आधी घालून कमिट करायची. काम मध्येच मेलं तर 'संपलं' रकाना रिकामा राहतो आणि लगेच नजरेत येतो. ओळींची संख्या जरूर ठेवा. यशस्वी झालेलं पण शून्य ओळी बदललेलं काम हे अनेकदा बिघाडाचं पहिलं चिन्ह असतं.

आता नव्यांच्या हातून जवळजवळ नेहमी सुटणारा भाग. काम फसलं की ईमेल, एवढं लावून आपण निर्धास्त होतो. पण शेड्युलरच बंद असेल तर काम फसत नाही, ते सुरूच होत नाही, आणि ईमेलही येत नाही. म्हणून अलर्ट उलटा लावा: 'या कामाची शेवटची यशस्वी नोंद २६ तासांपेक्षा जुनी आहे का?' रोजच्या कामाला २४ तास आणि वर थोडी सूट. ही तपासणी त्याच शेड्युलरवर लावू नका. दुसऱ्या मशीनवरून किंवा देखरेखीच्या साधनातून करा.

लावून झाल्यावर अलर्ट खरंच येतो का ते पाहा. चाचणीच्या डेटाबेसवर शेड्युलर बंद करा आणि वाट बघा.

## ७. रेप्लिका, फेलओव्हर आणि बॅकअपमधून परत आणताना

मायएसक्यूएलमध्ये मुख्य सर्व्हरवरचे इव्हेंट रेप्लिकावर, म्हणजे त्याची प्रत सतत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, पोचतात, पण तिथे बंद अवस्थेत. हे योग्यच आहे, नाहीतर काम दोन्हीकडे चाललं असतं. मुख्य सर्व्हर पडून रेप्लिकाने जागा घेतली की मात्र ते आपोआप चालू होत नाहीत. एकेक इव्हेंट ऑल्टर इव्हेंटने एनेबल करावा लागतो. अशा बदलाच्या, म्हणजे फेलओव्हरच्या, कार्यसूचीत ही ओळ आजच घाला. पीजी_क्रॉन स्टँडबायवर (पोस्टग्रेसमधल्या रेप्लिकावर) गप्प राहतं आणि तो मुख्य झाला की स्वतः सुरू होतं.

बॅकअपबद्दल एक गोष्ट फार थोडे जण आधी तपासतात. मायएसक्यूएलडंप इव्हेंट मुळात घेत नाही, त्यासाठी इव्हेंट्‌स हे ऑप्शन द्यावं लागतं. पीजी_क्रॉनची कामं एक्स्टेन्शन असलेल्या डेटाबेसमध्ये राहतात, तुमच्या ॲपच्या डेटाबेसचा डंप त्यांना पुरत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कामं एमएसडीबीत असतात, त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. डेटा सगळा परत आला आणि कामं एकही आली नाहीत, अशी वेळ यामुळे येते.

उलट बाजूही आहे. खऱ्या सर्व्हरची पूर्ण प्रत चाचणीसाठी उभी केलीत, तर कामंही बरोबर येतात आणि सर्व्हर उठताच सुरू होतात. त्यातलं एखादं बाहेर डेटा पाठवणारं असेल, तर ते खऱ्या ठिकाणीच पाठवतं. अशी प्रत उभी करताना शेड्युलर बंद ठेवूनच सर्व्हर सुरू करा.

## ८. काम बंद करताना

आधी डिसेबल करा, ड्रॉप नंतर. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर इव्हेंट डिसेबल, पीजी_क्रॉनमध्ये क्रॉन.ऑल्टर_जॉबने ॲक्टिव्ह फॉल्स, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_अपडेट_जॉब, ओरॅकलमध्ये डीबीएमएस_शेड्युलर.डिसेबल. महिनाअखेरचा एक फेरा जाऊ द्या. कुणाचा अहवाल अडला नाही, तर काम काढा, गिटमधली स्क्रिप्ट काढा आणि त्याचा अलर्टही काढा. नाहीतर २६ तासांनी तो वाजेल.

डिसेबल केल्याने पुढच्या फेऱ्या थांबतात. आत्ता चालू असलेली फेरी वेगळी थांबवावी लागते. मायएसक्यूएलमध्ये प्रोसेसलिस्टमधून कनेक्शन शोधून किल, पोस्टग्रेसमध्ये पीजी_कॅन्सल_बॅकएंड, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_स्टॉप_जॉब, ओरॅकलमध्ये स्टॉप_जॉब. थांबवल्यावर रोलबॅक सुरू झाला असेल, तर तो पूर्ण होऊ द्या. घाईने सर्व्हर रीस्टार्ट केलात तरी उरलेला रोलबॅक चुकत नाही, डेटाबेस वर आल्यावर तो पूर्ण करावाच लागतो, आणि तोवर ती टेबलं अडलेली राहू शकतात.